सणांचा धडा आणि धड्याबाहेरचे मूल

मुलांसाठी लिहिल्या जाणाऱ्या वाङ्मयात एक प्रकार मोठ्या सुखाने नांदतो आहे. 'जगातील सण' हा तो प्रकार होय. त्यातही शरद ऋतूतील सणांना विशेष मान आहे. एक पान उलटावे की एक देश संपतो आणि दुसरा सुरू होतो. चीनच्या पानावर पौर्णिमेचा चंद्र आणि मूनकेक, कोरियाच्या पानावर तांदळाच्या पिठीचे सोंगप्योन, मेक्सिकोच्या पानावर झेंडूची फुले आणि साखरेच्या कवट्या, अमेरिकेच्या पानावर भाजलेला टर्की, आणि भारताच्या पानावर पणती. प्रत्येक पानावर एक हसरे मूल आणि त्याच्या अंगावर त्या देशाचा म्हणून ठरवून टाकलेला पोशाख. शाळेतील भित्तिपत्रके, प्रकल्पवह्या आणि वेशभूषेचे कार्यक्रम याच साच्यातून निघतात. शिक्षकाला हा साचा सोयीचा आहे, पालकाला तो निरुपद्रवी वाटतो, आणि मुलांना रंगीत चित्रे आवडतात. तक्रार करण्यासारखे काही दिसत नाही.

पण या वाङ्मयाचा दावा लहान नाही. मुलांच्या मनात विश्वबंधुत्व रुजविणे, असे त्याचे प्रयोजन सांगितले जाते. दावा एवढा मोठा असेल तर तो तपासणे हे समीक्षेचे कामच ठरते. 'बालवाङ्मय आहे, सोडून द्या' असे म्हणून त्याला सूट देता येणार नाही. कादंबरी वाचणारा वाचक तिच्याशी भांडू शकतो. सात वर्षांचे मूल धड्याशी भांडत नाही, ते धडा पाठ करते. म्हणून धड्याची जबाबदारी कादंबरीहून अधिक आहे.

माझे म्हणणे असे की, सणाचा धडा मुलाला तीन गोष्टी सांगतो : लोक काय खातात, काय नेसतात आणि काय पेटवितात. ताटातले धान्य कोणी पिकविले, ताटावर कोणाला बसू दिले, आणि त्याच दिवशी त्याच भूमीवर आणखी कोणी काही वेगळे आठवते आहे काय, हे तीन प्रश्न तो टाळतो. हे तीन प्रश्न टाळले की एक विलक्षण उलटापालट घडते. ज्याने दिले तो घेणारा म्हणून चित्रात येतो, आणि ज्याने घेतले तो दाता म्हणून मिरवतो. ही उलटापालट अमेरिकेतील एका सणाच्या बाबतीत उघड दिसते. आपल्याकडे ती तेवढीच खरी आहे. आपल्याला मात्र तिची सवय झाली आहे.

*

प्रथम ऋतूविषयी. 'जगभरचा शरद' असे काही नसते. पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात शरद मार्च ते मे या महिन्यांत येतो. युरोप-अमेरिकेतील शरद म्हणजे पिवळी-तांबडी पाने आणि थंडीची चाहूल. आपल्याकडे शरदात पाने गळत नाहीत. पाऊस ओसरतो, आभाळ निवळते, ऊन चटके देऊ लागते, आणि बाजरी, मूग, उडीद, सोयाबीन, भात अशी खरिपाची पिके हाताशी येतात. तरीही मराठी मुलाच्या वहीत शरद म्हणून मेपलचे लाल पान चिकटविलेले असते. जे पान त्याने कधी पाहिले नाही ते त्याच्या ऋतूचे चिन्ह होते, आणि ज्या बाजरीच्या कणसांवर त्याच्या आईचे हात सोलपटून निघतात ते कणीस चिन्ह होऊ शकत नाही. परक्या गोष्टीविषयीचे प्रेम वाईट नाही. स्वतःचा अनुभव अभ्यासास पात्र नाही, हा जो धडा त्याबरोबर फुकट मिळतो तो वाईट आहे.

उत्तर गोलार्धातील या सणांना जोडणारा खरा धागा पानांचा नाही, तो धान्याचा आहे. कोरियातील छुसक हा आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेचा सण. नव्या धान्याचे पदार्थ पूर्वजांपुढे मांडण्याचा तो दिवस. पुस्तकातील चित्रात हे पदार्थ नीट रचून ठेवलेले दिसतात. ते सुनांनी, नवऱ्याच्या घराण्यातील पूर्वजांसाठी, दिवसदिवस राबून केलेले असतात, हे चित्रात दिसत नाही. खुद्द कोरियात या राबणुकीतून येणाऱ्या आजारपणाला, चिडीला लोकांनी नावच देऊन टाकले आहे, आणि वृत्तपत्रांतून दर वर्षी त्याची चर्चा होते. म्हणजे त्या समाजाने स्वतःच्या सणाची चिकित्सा केली आहे. तो सण दुसऱ्या देशातील मुलाला शिकविताना मात्र ती चिकित्सा गाळली जाते.

ज्यूंचा सुक्कोत हा सण याहून बोलका आहे. पिके घरात आल्यानंतर आठवडाभर झोपडीत राहायचे किंवा निदान जेवायचे, आणि झोपडीचे छप्पर असे पातळ ठेवायचे की त्यातून तारे दिसावेत. कारण काय, तर इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्यावर आपले पूर्वज रानात भटकत होते, हे सुगीच्या दिवशी विसरू नये. बायबलच्या 'अनुवाद' या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात तर या सणाच्या आनंदात दास, दासी, परका, पोरका आणि विधवा यांनाही सामील करून घेण्याची आज्ञा आहे. धान्य, गुलामगिरीची स्मृती आणि ताटावरील जागा या तिन्ही गोष्टी एकाच सणात गुंफलेल्या आहेत. 'जगातील सण' वाचणाऱ्या मुलाला यातली फांद्यांची झोपडी तेवढी मिळते. आपल्या कोकणातील बेने इस्रायल हे मराठी बोलणारे ज्यू. आपल्या शरदातील सणांना त्यांनी नव्याचा सण, खिरीचा सण अशी मराठी नावे दिली. तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. ज्यांच्या सर्वांत मोठ्या स्मृती गुलामगिरीतून सुटण्याच्या, त्यांनाही या भूमीने जातीचे एक नाव चिकटविल्याखेरीज राहू दिले नाही. एका मराठी मुलाला 'जगातील सण' शिकवायला याहून जवळचे आणि याहून खोल उदाहरण कोणते असेल?

*

आता अमेरिकेतील 'थँक्सगिव्हिंग' या आभाराच्या सणाकडे वळू. या एका सणाच्या शिकवणुकीत सणाच्या धड्याचे सगळे गुणदोष एकवटले आहेत.

शाळेतील कथा अशी : इंग्लंडमध्ये धर्मासाठी छळ झालेले काही भाविक जहाजाने अमेरिकेत आले. पहिला हिवाळा त्यांना फार कठीण गेला. तेथील 'इंडियन' लोकांनी त्यांना मका लावायला शिकविला. पीक आले, तेव्हा या भाविकांनी इंडियनांना जेवायला बोलाविले आणि सर्वांनी मिळून देवाचे आभार मानले. या कथेवर पिढ्यान् पिढ्या बालवर्गांतून नाटुकली झाली. अर्धी मुले काळ्या टोप्या घालून भाविक होत, अर्धी कागदी पिसांचे मुकुट घालून इंडियन होत. २००८ साली कॅलिफोर्नियातील क्लेरमाँट या गावी या कागदी पिसांवरून वाद झाला तेव्हा, चार-पाच वर्षांच्या मुलांच्या खेळात राजकारण कशाला आणता, असाच सूर अनेकांनी लावला. हा सूर आपल्याही परिचयाचा आहे.

प्रत्यक्षात काय घडले? १६२१ च्या शरदात प्लिमथ येथे तीन दिवस मेजवानी झाली, याचे समकालीन वर्णन एडवर्ड विन्स्लो याच्या एका पत्रात आहे. ते काही ओळींचे आहे, आणि त्यात 'आभाराचा सण' असे नाव कोठेही नाही. त्या पत्रानुसार वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे ९० माणसांसह आला, आणि त्या लोकांनी ५ हरणे मारून आणून दिली. म्हणजे जेवणात भर पाहुण्यांनी घातली. 'पहिला थँक्सगिव्हिंग' हे नाव या प्रसंगाला १८४१ साली, म्हणजे तब्बल २२० वर्षांनी, अलेक्झांडर यंग याने त्या पत्राच्या तळटीपेत दिले. १८६३ मध्ये यादवी युद्ध चालू असताना अध्यक्ष लिंकन यांनी राष्ट्रीय आभारदिनाची घोषणा केली. तिच्यात प्लिमथचा उल्लेख नाही, वाम्पानोआगांचा नाही. मात्र कुऱ्हाडीने वसाहतींच्या सीमा वाढल्याचा उल्लेख देवाच्या कृपेच्या यादीत आहे. कोणाच्या जमिनीवर त्या वाढल्या, हे सांगण्याची गरज कोणाला वाटली नाही.

कथेच्या आधीचे आणि नंतरचे तर धड्यात नसतेच. भाविक जेथे उतरले तेथे पाटुक्सेट नावाचे गाव होते. १६१६ ते १६१९ या काळात आलेल्या साथीने ते ओस पडले होते. ही साथ युरोपीय जहाजांबरोबर आली होती. ज्याने मका लावायला शिकविले तो टिस्क्वांटम याच गावचा. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकायला नेले होते. इंग्लंडमार्गे तो परतला तेव्हा त्याचे गाव उरले नव्हते. त्याला इंग्रजी कशी येत होती, हा अगदी साधा प्रश्न एखादे मूल विचारील, तर सगळी कथा उलगडते. धडा असा रचलेला असतो की हा प्रश्न मुलाला सुचूच नये. पुढे १६७५-७६ मध्ये मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम याने इंग्रजांविरुद्ध युद्ध केले. तो मारला गेला. त्याचे मस्तक प्लिमथमध्ये खांबावर वर्षानुवर्षे टांगून ठेवण्यात आले, आणि त्याच्या लहान मुलाला गुलाम म्हणून विकण्यात आले. ज्या माणसाने पाहुणा म्हणून येऊन हरणे दिली, त्याच्या नातवाची ही गत झाली.

या इतिहासावर विसाव्या शतकाच्या आरंभी जाँ लिऑन जेरोम फेरिस याने एक चित्र काढले. ते पाठ्यपुस्तकांतून आणि भिंतींवरून फार पसरले. त्यात भाविक स्त्री उभी राहून अन्न वाढते आहे आणि वाम्पानोआग जमिनीवर बसून ते घेत आहेत. त्यांच्या डोक्यावर पिसांचे जे मुकुट आहेत ते त्यांचे नव्हेतच, ते शेकडो मैलांवरच्या माळरानातील दुसऱ्या जमातींचे. वर म्हटलेली उलटापालट ती हीच. हरणे देणारा भुईवर बसून घास घेतो आहे. चित्रकाराला कोणाचा अपमान करावयाचा होता असेही नाही. सणाच्या आनंदी साच्यात चित्र बसवायचे म्हटले की ते असेच बसते.

१९७० साली प्लिमथला वसाहतीच्या ३५० व्या वर्षाचा समारंभ झाला. त्यात बोलण्यासाठी वाम्सुटा फ्रँक जेम्स या वाम्पानोआग माणसाला बोलावण्यात आले. ते संगीताचे शिक्षक होते. संयोजकांनी भाषण आधी वाचायला मागितले, ते त्यांना रुचले नाही, आणि बदललेले भाषण वाचण्यास जेम्स यांनी नकार दिला. त्या वर्षीच्या आभारदिनाला मॅसासॉइटच्या पुतळ्याजवळ, कोल्स हिल या टेकडीवर, त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी राष्ट्रीय शोकदिन पाळला. तेव्हापासून दर वर्षी नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी त्या टेकडीवर लोक जमतात. एका घरात टर्की कापला जातो, त्याच वेळी टेकडीवर शोक पाळला जातो. दोन्ही गोष्टी त्या देशाच्याच आहेत.

या शोकदिनाची जाणीव बालवाङ्मयात उतरायला काळ लागला. पण ती उतरली, ही गोष्ट आपण नीट पाहिली पाहिजे. २००१ मध्ये आलेल्या '१६२१ : अ न्यू लुक ॲट थँक्सगिव्हिंग' या पुस्तकाच्या दोन लेखिकांपैकी मार्गारेट ब्रुशॅक या अबेनाकी वंशाच्या आहेत. मुलांना कळेल अशा भाषेत, त्या तीन दिवसांविषयी नक्की काय ठाऊक आहे आणि काय मागाहून रचले गेले, हे ते वेगळे करून दाखविते. २०१८ मध्ये ट्रेसी सोरेल या चेरोकी लेखिकेचे 'वी आर ग्रेटफुल : ओत्सालिहेलिगा' हे चित्रपुस्तक आले. त्यात वर्षाची सुरुवात शरदापासून होते. चेरोकींच्या नव्या चंद्राच्या सोहळ्यात घर झाडणे, नवे कपडे आणि जेवण तर आहेच, पण जुने तंटे मिटविणेही आहे. आणि याच पानांच्या ओघात, हाकलून लावलेल्या पूर्वजांनी सोसलेल्या दुःखाचे स्मरणही येते. २०२२ च्या 'कीपुनुमुक' या पुस्तकात वाम्पानोआग आजी नातवंडांना तीच सुगीची कथा मक्याच्या बाजूने सांगते. नवागतांना मदत करावी की नाही, हा निर्णय तेथे या भूमीच्या बाजूने होतो. देणारा पुन्हा देणारा होतो. ही तिन्ही पुस्तके लहान मुलांसाठी आहेत, सुंदर आहेत, आणि त्यांतील कोणतेही मुलाला भेदरवत नाही. 'मुलांना एवढे कशाला सांगायचे' या प्रश्नाचे उत्तर या पुस्तकांनी देऊन ठेवले आहे. कसे सांगायचे, एवढाच प्रश्न उरतो.

*

अमेरिकेच्या वर्गात आपणही आहोत, कोठल्या रूपात ते पाहावे. तेथील मुलाच्या पुस्तकात भारत म्हणजे दिवाळी. २००५-०६ मध्ये कॅलिफोर्नियातील सहावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकांवरून वाद झाला; जातीविषयीचा मजकूर सौम्य करावा किंवा गाळावा अशी मागणी काही हिंदू संघटनांनी केली, आणि दलित संघटनांनी तिला विरोध केला. दहा वर्षांनी तोच वाद पुन्हा झाला. २०२३ साली न्यूयॉर्क शहरातील शाळांना दिवाळीची सुट्टी मिळाली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले जातिभेदविरोधी विधेयक तेथील गव्हर्नरांनी नाकारले. पणतीला प्रवेश आहे, पणती कोणी घडविली हे विचारायला नाही. सुट्टी मिळाल्याचे दुःख मानण्याचे कारण नाही. पण एका देशाला एक सण वाटून दिला की वाटणी कोण करतो, हे या दोन निर्णयांवरून समजते.

आणि आपल्या शाळेत? माझ्या घरातली पहिली पदवी माझी. मी ज्या शाळेत शिकले तेथे दर वर्षी 'माझा आवडता सण' हा निबंध असे, आणि त्याचा नमुना फळ्यावर लिहिलेला असे. त्यात आई फराळ करीत असे, बाबा आकाशकंदील टांगीत असत. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या आया त्या दिवसांत घरी नसतच. साखर कारखान्यांचे गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडची गावेच्या गावे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांवर निघतात. नवरा-बायको मिळून तेथे एक 'कोयता' मोजला जातो. म्हणजे ज्या शरदाचा धडा वर्गात चालतो, त्याच शरदात वर्गातली मुले पटावरून ओसरू लागतात. लाडवातली साखर ज्यांच्या आईबापांच्या हाताची, ती मुले लाडवाच्या निबंधाला हजर नसतात. आम्ही मागे राहिलेल्यांनी फळ्यावरचा निबंध उतरवून काढला आणि गुण मिळविले. त्या गुणांना मी आज शिक्षण म्हणत नाही.

गावाच्या जुन्या सुगीतही हेच होते. खळ्यावर धान्य पडले की बलुतेदारांचे वाटे निघत. महाराने वर्षभर गावाची राखण केली, सांगावे पोचविले, मेलेली जनावरे ओढली, तरी त्याचा वाटा मेहनतान्यासारखा दिला जात नसे. तो मागून, झोळी पसरून, उरलासुरला न्यावा लागे. दसऱ्याच्या रेड्याचे काम अनेक गावांत त्याच्याच वाट्याला, आणि दिवाळीचे शिळेपाकेही त्याच्याच पदरात. हक्काचे वेतन भिकेच्या रूपात घेणे हाच त्याचा सण होता. फेरिसच्या चित्रात भुईवर बसलेला वाम्पानोआग आणि खळ्याच्या कडेला झोळी घेऊन उभा असलेला महार, ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. महार वतनाची ही बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. वतने प्रत्यक्ष संपविणारा कायदा मात्र १९५८ मध्ये झाला. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' वाचताना लक्षात येते की महारवाड्याच्या सुखाचा महिना शरदात नव्हताच, तो आषाढ होता. एकाच गावात दोन पंचांगे नांदत होती. पाठ्यपुस्तकाला त्यांपैकी एकच ठाऊक होते.

सणांचे दुसरे वाचन करण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. महात्मा फुले यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त वामन-बळीची कथा शेतकऱ्यांच्या राजाच्या फसवणुकीची कथा म्हणून वाचली. दिवाळीतल्या बळीच्या प्रतिपदेला घरोघरच्या बायका आजही बळीचेच राज्य मागतात. वामनाचे मागत नाहीत. झारखंडातील असुर आदिवासी महिषासुराला आपला पूर्वज मानतात, आणि दुर्गोत्सवाच्या दिवसांत शोक पाळतात. प्लिमथच्या टेकडीची आठवण यावी असेच हे आहे. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, नागपूरला लाखो लोकांनी बाबासाहेबांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. ज्या दिवशी गाव सीमोल्लंघन करून आपट्याची पाने लुटून परत येई, त्या दिवशी ही माणसे अशी सीमा ओलांडून गेली की त्यांना परत यायचे नव्हते. जगातील शरद ऋतूतल्या सणांचा इतिहास लिहिताना एवढी मोठी घटना ज्या पुस्तकाला दिसत नाही, त्या पुस्तकाच्या विश्वबंधुत्वावर विश्वास कसा ठेवावा?

*

येथे आपल्याच बाजूने दोन गोष्टी बोलल्या पाहिजेत.

पहिली अशी की, यादीत आणखी एक पान वाढवा, अशी ही मागणी नव्हे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे एक रंगीत पान छापले, त्यावर पांढरे कपडे घातलेले हसरे मूल आणि निळा झेंडा काढला, खाली 'बौद्ध लोक या दिवशी खीर खातात' असे लिहिले, की साचा आपल्यालाही गिळून टाकील. दीक्षाभूमीवर त्या दिवसांत पुस्तकांची जी दुकाने लागतात आणि दूरदूरच्या खेड्यांतून आलेले लोक भाकरीच्या फडक्यात पुस्तके बांधून नेतात, तो या दिवसाचा गाभा आहे. पोशाखाच्या साच्यात हा गाभा मावत नाही.

दुसरी अशी की, आपल्या काही वस्त्यांतून या दिवसाचेही रूप बदलत चालले आहे. कर्ण्यांच्या भिंती, नाच आणि पुढाऱ्यांची मोठमोठी चित्रे वाढली, आणि बावीस प्रतिज्ञांचा अर्थ मुलांना समजावून सांगणारी बैठक कमी झाली. दुसऱ्यांच्या सणाला 'कोणी राबले, कोण बाहेर राहिले' असे विचारणाऱ्यांनी आपल्या मांडवातही तोच प्रश्न विचारला पाहिजे. मांडवामागे भांडी घासणाऱ्या बायका कोण आहेत, वस्तीतली मातंग, भटकी कुटुंबे आपल्या जेवणावळीत कोठे बसतात, याची उत्तरे आपल्यालाही द्यावी लागतील. ही चिकित्सा करण्याचे साधन आपल्या परंपरेत आहे, आणि ते शरदातच आहे.

ते साधन म्हणजे प्रवारणा होय. तीन महिन्यांचा वर्षावास संपतो तो आश्विन पौर्णिमेला. त्या दिवशी भिक्खू एकत्र बसतात आणि प्रत्येक जण संघाला विनंती करतो, की माझ्या हातून घडलेला दोष कोणी पाहिला असेल, ऐकला असेल, किंवा तशी शंका कोणाला आली असेल, तर ती माझ्यावर करुणा करून सांगावी. विनयपिटकातील या विधीत थोरला भिक्खू आधी विनंती करतो, धाकटा नंतर. ज्येष्ठाने आधी स्वतःला प्रश्नासाठी खुले करावे, हा या क्रमाचा अर्थ मला वाटतो. पुढच्या वर्षावासापर्यंत संघाने एकत्र राहावे म्हणून ही मोकळी चिकित्सा. चेरोकींच्या सोहळ्यातही तंटे मिटविणे आहेच. धान्य घरात येण्याच्या ऋतूत मने साफ करावीत, हे माणसाला दोन वेगळ्या खंडांत सुचले. सणांमधील खरे विश्वबंधुत्व शोधायचे तर ते येथे सापडेल. आपल्याकडे त्याच आश्विनी पौर्णिमेला कोजागिरीचे केशरी दूध प्यायले जाते. 'कोण जागे आहे' असे देवी विचारते, अशी त्या सणाची कथा. मुलाला दोन्ही गोष्टी सांगाव्यात, आणि जागे असणे म्हणजे काय हे त्याच्यावर सोपवावे.

शिक्षक मित्रांना आणि अध्यापक विद्यालयांतील विद्यार्थ्यांना मला एवढेच सुचवायचे आहे. सणाचा धडा टाकून देऊ नका. तो घ्या, आणि प्रत्येक पानावर चार प्रश्न लावा : यातले धान्य कोणी पिकविले आणि रांधले कोणी? या ताटावर कोणाला जागा नव्हती? याच दिवशी येथे दुसरे कोणी काय आठवते? आणि ही गोष्ट आपल्याला कोण सांगतो आहे? चौथीच्या मुलाला हे चारही प्रश्न समजतात. थँक्सगिव्हिंगला लावून पाहा, छुसकला लावून पाहा, दिवाळीला लावा, आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनालाही लावा. ज्या सणाला हे प्रश्न पेलतात तो मुलाने आनंदाने साजरा करावा. ज्याला पेलत नाहीत, त्याच्याविषयी मूल आपले मत आपण बनवील.

आणि 'माझा आवडता सण' हा निबंध द्यायचाच असेल तर नमुना फळ्यावर लिहू नका. फडावरून परतलेले मूल काय लिहिते ते वाचा. त्याच्या वहीत कदाचित पणती नसेल, उसाच्या पाचटाची शेकोटी असेल. ती वही आपल्या बालवाङ्मयाचे पुढचे पान आहे.